सत्तेचाळीसावी जोडी

"थांबला," लेक म्हणाली. "परत थांबला."

स्क्रीनवरचा माणूस अर्धं तोंड उघडं ठेवून गोठला होता. त्याचा एक हात हवेत होता आणि डोळे मिटत आले होते. लेकीने माउस हलवला, मोडेमच्या दिव्यांकडे पाहिलं आणि शेवटी हात मांडीवर ठेवले. तीन मिनिटांनी माणूस हलला तेव्हा तो निरोपच घेत होता. लाइन सुधारली की कळवा, आम्ही आठवडाभर थांबू, एवढंच ऐकू आलं.

लाइनमन दाराशी उभा होता. नुकताच कामावरून आला होता, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती.

"एकतीस वर्षं लोकांच्या तारा जुळवल्या," आतून बायको म्हणाली, "आणि आपल्या घरात ही बोंब. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

एरवी तो यावर हसला असता. पण लेकीची पाठ त्याच्याकडे होती आणि ती पाठ बघवत नव्हती. आठ महिन्यांपूर्वी ती दोन बॅगा घेऊन सासरहून परत आली होती. ते स्थळ त्यानेच आणलं होतं. चौकशी केली का, असं बायकोने तेव्हा दोनदा विचारलं होतं, आणि माणसं बघितली की कळतात, असं तो दोनदा म्हणाला होता. परत आल्यावर लेकीने त्याला त्यावरून एक अक्षर ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

आता ही नोकरी होती. लांबलांबच्या गावांतल्या मुलांना घरी बसून स्क्रीनवर गणित शिकवायचं. गणित तिच्या हातचा मळ. अडचण होती ती लाइनची.

"मोडेम नवा आणून बघू का?" तिने विचारलं.

"मोडेमचा दोष नाही. तारेचा आहे." तो खुर्ची ओढून बसला. या विषयावर तो बरं बोलत असे. "हे बघ, गोंगाटात दोन माणसं बोलायला लागली की काय करतात? सावकाश बोलतात. एकच गोष्ट दोनदा सांगतात. मोडेमचंही तसंच. तारेत खरखर वाढली की तो वेग उतरवतो. फारच वाढली की बोलणं सोडून देतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. तेच तुझं थांबणं."

"मग खरखर काढा ना, बाबा."

"काढायची तर रस्ता खणावा लागेल."

हे खरं होतं. एक्स्चेंजपासून त्यांच्या वस्तीतल्या पिलरपर्यंत अडीच किलोमीटर जाड केबल आली होती. पिलर म्हणजे रस्त्याकडेची लोखंडी पेटी. त्या केबलमध्ये तांब्याच्या शंभर जोड्या, एका घराला एक. मधे एका ठिकाणी रस्त्याखाली जॉइंट होता, त्यात पाणी शिरत होतं आणि वर्षागणिक दहापाच जोड्या कुजत होत्या. साध्या बोलण्याला कुजकी जोडीही चालते. थोडी खरखर, थोडं "हॅलो, हॅलो". ब्रॉडबँडला चालत नाही. रस्ता खणायला अर्ज करावा लागे, परवानगी आणावी लागे. साहेब म्हणत, पुढच्या वर्षी सगळं फायबरच होणार आहे, कशाला? हे पुढचं वर्ष चार वर्षं चाललं होतं. लाइनमननेही अर्ज केला नव्हता. अर्ज करणाऱ्यालाच मागे लागावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पिलर उघडला आणि टेस्टिंग फोनचे चिमटे एकेका जोडीला लावत बसला. ऑफिसात त्याला कानसेन म्हणत. नुसतं ऐकून तो सांगायचा की पाणी कुठे आहे, तार कुठे सुटली आहे, कुठे दोन जोड्या एकमेकींना चिकटल्या आहेत. रिकाम्या जोड्या सगळ्या मेलेल्या निघाल्या. चालू असलेल्यांत बहुतेकींना कमीजास्त खरखर होतीच. सत्तेचाळीसाव्या जोडीला चिमटा लावला आणि तो थांबला. आत काहीच नव्हतं. डायल टोनच्या मागे स्वच्छ, कोरडी शांतता. अशी जोडी त्याने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

रजिस्टरात एका बाईचं नाव होतं. मागच्या गल्लीतला पत्ता, दुसरा मजला. त्याने एक्स्चेंजमधल्या फ्रेमवरच्या, म्हणजे सगळ्या जोड्या जिथे नंबरांना जुळतात त्या चौकटीवरच्या, माणसाला फोन लावला.

"या नंबरावर वापर कसा आहे रे?"

"वापर?" थोड्या वेळाने तो माणूस हसला. "वर्षभरात एक कॉल गेलेला नाही. आलेला कुणी उचललेला नाही. मुका नंबर आहे, काका."

"बंद घर असेल."

"असेल."

आणखी एक प्रश्न विचारायचा राहिला होता. त्या नंबरावर ब्रॉडबँड आहे का? रजिस्टरात त्याचा वेगळा रकाना होता आणि रजिस्टर त्याच्या मांडीवरच उघडं होतं. पुढे कितीतरी दिवस त्याने स्वतःला सांगितलं की आपलं लक्ष गेलं नाही. पण त्या रकान्यावर आपण अंगठा ठेवला होता, हे त्याला चांगलं आठवत होतं.

इकडे पिलरवर आणि तिकडे फ्रेमवर, मिळून वीस मिनिटांचं काम. सत्तेचाळीसावी जोडी त्याच्या घराकडे गेली आणि त्याच्या घरची कुजकी जोडी त्या बाईकडे. संध्याकाळी लेकीने वेग मोजला. आकडा दीडवरून नऊवर गेला होता. ती खुर्चीतून उठली, आणि लहानपणी पहिला नंबर आल्यावर यायची तशी येऊन त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून गेली.

"काय केलंत?"

"दुसरी जोडी दिली. बरी सापडली एक."

नोकरी लागली. रोज दुपारी चार ते सात आतल्या खोलीतून तिचा आवाज येऊ लागला. "शाब्बास! आता हाच अपूर्णांक उलटा कर बघू." बायको दाराबाहेर उगीचच काहीतरी निवडत बसे आणि ऐके. घरात पुन्हा भांड्यांचे आवाज मोठ्याने होऊ लागले, कारण आता लेकीसमोर आवाज करायची भीती नव्हती.

बदलाच्या चौथ्या दिवशी त्याच्या यादीत तक्रार आली. ब्रॉडबँड स्लो, सारखं तुटतं. नंबर तोच होता.

त्याने यादी घडी घालून खिशात ठेवली. मग परत काढली. नियम असा की आधी ग्राहकाला फोन करायचा, तीनदा उचलला नाही तर "ग्राहक प्रतिसाद देत नाही" असं लिहून तक्रार बंद करायची. त्याने फोन केला. घंटा वाजत राहिली. तिन्ही वेळा तो मनात म्हणत होता, उचलू नको. कुणी उचलला नाही. त्याने तक्रार बंद केली.

पंधरवड्याने दुसरी आली, मग तिसरी. तिसऱ्या वेळी त्याने घंटा दोनदाच वाजू दिली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी साहेबांनी त्याला काउंटरवर बोलावलं. साहेब वयाने त्याच्यापेक्षा बरेच लहान होते, त्याला काका म्हणत. काउंटरपलीकडे पन्नाशीची एक बाई उभी होती. साधी साडी, गळ्यात माळेसारखी अडकवलेली शिंप्याची टेप, बहुधा काढायची विसरलेली.

"काका, ही तक्रार तुम्ही तीनदा बंद केलीत?"

"फोन उचलत नव्हते, साहेब."

"उचलणार कशा? त्यांना ऐकू येत नाही!" साहेबांनी एक कागद त्याच्यासमोर सरकवला. "आणि पहिल्या अर्जावर त्यांनी लिहिलंय. आपल्या शहाण्यांनी नंबर तेवढा टाइप केला आणि कागद फाइलला लावला."

कागदावर ठळक, सुटी सुटी अक्षरं होती. *लाइन हळू. सारखी तुटते. फोन करू नका. मला ऐकू येत नाही. घरी या.* 'फोन करू नका' या शब्दांखाली दोनदा रेघ मारली होती.

बाई आळीपाळीने दोघांच्या ओठांकडे बघत होत्या. साहेब चिडले आहेत हे त्यांना दिसत असावं. त्यांनी घाईने हात हलवला, असू द्या, असू द्या. मग लाइनमनकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. हे येतील का?

तो त्यांच्यामागून चालत गेला. सबंध रस्ताभर तो एकच हिशेब करत होता. लाइन बिघडायला दुसरं काय कारण दाखवता येईल?

दुसऱ्या मजल्यावरची एकच मोठी खोली. खिडकीशी शिवणयंत्र, बाजूला रफू आणि फिटिंगसाठी आलेले कपडे, प्रत्येकावर टाचणीने लावलेली चिठ्ठी. समोरच्या भिंतीवर काळं कापड ताणून लावलेलं, त्याच्यापुढे एक स्टूल. स्टुलासमोर दोऱ्यांच्या रिळांच्या खोक्याला टेकवून उभा केलेला टॅबलेट. कोपऱ्यात मोडेम. भिंतीवरच्या फोनच्या खोबणीत फोनच नव्हता, नुसती मोडेमची तार गेली होती. म्हणजे ज्या घंटा त्याच्या कानात वाजल्या, त्या या घरात वाजल्याच नव्हत्या.

टेलरबाईंनी बेतायच्या खाकी कागदाचा एक तुकडा घेतला आणि लिहू लागल्या. लिहून झालं की कागद त्याच्याकडे फिरवायच्या.

*रोज पाच वाजता बहीण. आम्ही हाताने बोलतो. बोट बोट दिसायला पाहिजे. आता ठोकळे दिसतात.*

त्यांनी उठून त्याला एकेक गोष्ट दाखवली. मोडेमची तार नवी होती. मोडेम नवा होता, जुना खोक्यात घालून ठेवला होता. यंत्र पूर्वी कोपऱ्यात होतं, ते त्यांनी एकटीने ओढत खिडकीशी नेलं होतं. फरशीवर त्याचे ओरखडे होते.

*मशीनच्या मोटरमुळे होतं का? मी चार ते सहा मशीन बंद ठेवते. तरी नाही होत. माझी काय चूक?*

त्याने पेन घेतलं. *मशीनमुळे नाही*, असं लिहिलं. *तुमची चूक नाही*, असं लिहिलं. त्याने पेन खाली ठेवलं, आणि बाईंना वाटलं तो विचार करतोय. त्यांनी त्याला पाणी आणून दिलं.

मग त्यांनी आणखी लिहिलं. हे जरा वेळ लावून लिहिलं.

*बहीण मोठी. अर्धांगवायू. उजवा हात गेला. डाव्या हाताने बोलायची, हळू. मला सवय झाली होती. मग लाइन खराब. बहीण गेली. एकोणीस दिवस झाले.*

त्याने वाचलं आणि मान वर केली नाही.

बाईंनी त्याच्या बाहीला हात लावला, बघा म्हणून. त्या काळ्या कापडापुढच्या स्टुलावर बसल्या आणि डावा हात उचलला. बोटं जरा वाकवून छातीकडून बाहेर आणली आणि मधेच, हवेत, थांबवली. तशाच थांबून राहिल्या. मग उठल्या, कागद घेतला.

*शेवटचं बोलणं. इथपर्यंत आलं. पुढे थांबलं. काय सांगत होती माहीत नाही.*

आणि त्याखाली:

*जे आलं नाही, ते तारेत राहतं का? तुम्ही काढू शकता?*

एकतीस वर्षांत त्याला लोकांनी नाही नाही ते विचारलं होतं. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. या कामातला माणूस आहे, याला कळत असेल, अशी ती नजर होती.

*नाही*, त्याने लिहिलं.

त्यांनी मान हलवली. अपेक्षा तशी नव्हतीच, असं दाखवत हसल्या. *आता भावजी एकटे. त्यांनाही ऐकू येत नाही. पाचला बसतात. मी दिसत नाही तर घाबरतात. म्हणून लाइन पाहिजे.*

त्याने घड्याळ बघितलं. सव्वाचार. *आज होईल*, असं लिहून तो जिना उतरला.

पिलरशी उभं राहून त्याने लेकीला फोन लावला. मागे पोरांचा गलका होता.

"बाबा, तास चालू आहे."

"तुझी लाइन जाणार आहे. दहा मिनिटांत."

"आत्ता? सातनंतर करा ना. आज चाचणी आहे, बाबा, सत्तावीस मुलं बसलीयत."

"सातनंतर नाही जमायचं."

"का?"

त्याने सांगितलं. पिलरकडे तोंड करून, हळू आवाजात, जसं घडलं तसं सगळं सांगितलं. सांगायला लागला दीड मिनिट. रजिस्टरावरचा अंगठा तेवढा सांगितला नाही. पलीकडे तिने दार लावल्याचा आवाज आला, पोरांचा गलका बंद झाला.

"म्हणजे मी वापरतेय ती त्यांची लाइन?"

"हो."

"दोन महिने?"

"हो. तुझ्या नोकरीसाठी..."

"माझ्यासाठी केलं म्हणू नका." तिचा आवाज चढला नाही. "मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीत तुम्ही." मग जराशाने, "काढा. आत्ता काढा."

पाचला दहा कमी असताना सत्तेचाळीसावी जोडी परत मागच्या गल्लीकडे गेली.

त्या संध्याकाळी लेक मैत्रिणीकडे जाऊन उरलेले तास घेऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज तिकडेच जाऊ लागली, बसने पाऊण तास जायला, पाऊण तास यायला.

त्याने साहेबांना सांगितलं. साहेबांनी केबिनचं दार लावलं.

"काका, किती महिने राहिले तुमचे?"

"चौदा."

"मग तोंडाला कुलूप लावा. लाइन झाली ना सुरू? बाई खूष, आपण खूष. कोण विचारतंय?"

कुणीच विचारत नव्हतं. दोन दिवस त्याने तोंडाला कुलूप लावूनही पाहिलं. तिसऱ्या दिवशी काउंटरवर त्याच्यासाठी एक पुडकं आलं होतं. त्याच्या हत्यारांच्या पिशवीचा पट्टा तुटला होता आणि तो त्याने तारेने बांधून ठेवला होता. टेलरबाईंच्या ते लक्षात आलं असावं. पुडक्यात जाड कापडाचा, दुहेरी शिवणीचा नवा पट्टा होता. टाचणीने चिठ्ठी लावली होती. *लाइन चांगली. भावजी दिसतात. उपकार.*

काउंटरवरचा कारकून म्हणाला, "वा काका, बक्षीस!" त्याने पुडकं काखेत मारलं आणि संडासात जाऊन दार लावून बराच वेळ उभा राहिला.

घरी त्याने चार कागद फाडले. पाचवा लेकीच्या हाती लागला. तिने वाचला, पेन घेतलं आणि एका वाक्यावर काट मारली.

"मुलीच्या नोकरीसाठी, हे काढा."

"खरं आहे ते."

"खरं आहे. पण ते लिहून तुम्ही त्यांच्याकडून काय मागताय?"

त्याने ते वाक्य गाळून कागद परत उतरवून काढला. रजिस्टरावरच्या अंगठ्याबद्दल एक वाक्य या वेळी घातलं. लेकीने तेही वाचलं आणि त्याच्याकडे न बघता कागद परत दिला.

तो गेला तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. बाईंनी दार उघडलं, हसल्या, आधी त्याच्या खांद्याकडे बघितलं. पिशवीला तारच होती. त्याने पट्टा टेबलावर ठेवला आणि कागद पुढे केला.

त्या शब्दाखाली बोट फिरवत वाचू लागल्या. एका ठिकाणी बोट थांबलं. त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला. 'अदलाबदल'. भुवया वर. म्हणजे काय?

त्याने पेनासाठी खिसा चाचपला. मग तसाच थांबला. दोन तर्जन्या समोर धरल्या. एक तुमची, म्हणून त्यांच्याकडे दाखवली, एक माझी, म्हणून छातीला लावली. मग तुमची उचलून माझ्याकडे आणली. माझी तुमच्याकडे टाकली. आपले हात इतके ओबडधोबड आहेत हे त्याला कधी जाणवलं नव्हतं. बाईंनी बघितलं. त्यांनी तीच खूण स्वतःच्या हातांनी करून दाखवली, नीट, नेटकी, आणि शेवटी बोट त्याच्यावर रोखलं. तुम्ही?

त्याने होकारार्थी मान हलवली.

त्यांनी उरलेला कागद वाचला. परत पहिल्यापासून वाचला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या आणि तारखांवरून बोट मागे मागे नेऊ लागल्या. कागदावरची तारीख, पहिल्या अर्जाची तारीख, आणि एक तारीख जिच्याभोवती निळ्या खडूने गोल केला होता. तिथे बोट राहिलं.

टॅबलेट उजळला. पाच वाजले होते. पडद्यावर एक म्हातारे गृहस्थ आले, दाढी वाढलेली, स्वेटरची बटणं चुकीची लावलेली. चित्र एकदम स्वच्छ होतं. स्वेटरचा विस्कटलेला धागासुद्धा दिसत होता.

लाइनमन जायला वळला. बाईंनी हातानेच त्याला थांबवलं आणि स्टुलाच्या बाजूला, जिथे तो पडद्यात दिसेल तिथे, उभं राहायला सांगितलं. मग त्या भावजींना सांगू लागल्या.

खोलीत आवाज नव्हता. हाताला हात लागल्याचा, पदर सरकल्याचा, एवढाच काय तो. त्याला ती भाषा येत नव्हती, पण सगळं कळत होतं. दोन तर्जन्या. एक उचलली गेली. यंत्र ओढत नेलं ते कळलं. डावा हात उचलला गेला, मधेच थांबला, तेही कळलं. आणि दर थोड्या वेळाने बोट त्याच्याकडे वळत होतं. लोकांसमोर त्याला साहेबांनी झापलं होतं, ग्राहकांनी शिव्या दिल्या होत्या. अशा वेळी माणूस दुसरीकडे बघतो, मनात उत्तरं देतो. इथे दुसरीकडे बघायची सोय नव्हती. भावजी त्याच्याकडे बघत होते.

सांगून संपलं. भावजी हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. लाइन तुटली की काय असं वाटावं इतके स्थिर, पण त्यांच्या पापण्या हलत होत्या.

लाइनमनने हात जोडले. कुणाला उद्देशून, हे त्याचं त्यालाही नीट कळलं नाही. बाईंनी ते पाहिलं. त्या उठल्या आणि दुकान बंद करताना शेवटच्या गिऱ्हाइकाला दाखवतात तसं, राग नाही की काही नाही, उघड्या तळव्याने दार दाखवलं. पट्टा टेबलावरच राहिला.

नंतर त्याने ऑफिसात लेखी दिलं. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण कागद वर पाठवावाच लागला. चौकशी झाली. उरलेले महिने त्याला लाइनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. जुने मोडेम मोजायचे, तारेची वेटोळी लावून ठेवायची. कानसेन ही हाकही हळूहळू बंद झाली. कुणी मुद्दाम बंद केली नाही, पण तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतं.

चौकशीत रस्त्याखालचा जॉइंट निघाला, म्हणून वरून विचारणा आली आणि अकराव्या दिवशी रस्ता खणला गेला. तो स्टोअरमधून सामान घेऊन गेला होता, तेव्हा त्याने बघितलं. जॉइंट उघडला तर आत हिरवी पूड झालेलं तांबं आणि वाटीभर पाणी. दोन माणसांनी अर्ध्या दिवसात सगळा जॉइंट नवा केला. अर्धा दिवस. खड्ड्याच्या काठावर तो उभा राहिला होता आणि आतला एक जण वर बघून म्हणाला, "आधीच करायला हवं होतं हो काका, काय एवढं नव्हतं."

घरची लाइन उत्तम झाली. आकडा अकराच्या वर गेला. त्याने लेकीला दाखवला.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "पण मी तिकडेच शिकवते. जमलंय आता." आणि बसच्या वेळेला निघून गेली.

निवृत्तीनंतरची गोष्ट. एका सकाळी तो बाजारातून येत होता, दोन्ही हातांत पिशव्या. कापडाच्या दुकानाबाहेर तीन बायका उभ्या होत्या. टेलरबाई, आणि दोघी त्याच्या ओळखीच्या नव्हत्या. तिघी हातांनी बोलत होत्या, भरभर, मधेच हसत, एकमेकींचं बोलणं तोडत. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. टेलरबाई काहीतरी गमतीचं सांगत असाव्यात. त्यांचे हात खांद्याच्या वर गेले होते.

मग त्यांनी त्याला पाहिलं.

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. त्यांनी नुसते हात खाली घेतले आणि एकावर एक, पोटाशी ठेवले. बाकीच्या दोघींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचेही हात थांबले. परकं माणूस जवळून जायला लागलं की घरातलं बोलणं थांबवतात, तशा तिघी उभ्या राहिल्या आणि तो पुढे जायची वाट बघू लागल्या.

तो पिशव्या सावरत, जरा भरभर, पुढे गेला.